गावाकडची शुश्रूषा आणि मुंबई: पार्श्वभूमी

कोकणात किंवा घाटावर अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं करायला घरात बहुधा एकच बाई असते. ही वेळ तिच्यावर येण्यात मुंबईच्या गिरण्यांचा मोठा वाटा आहे.

१८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली. पुढची शंभर-सव्वाशे वर्षं रत्नागिरी, साताऱ्याकडचे गडी गिरणगावात येत राहिले. चाळीच्या एका खोलीत अनेकांनी पाळीपाळीने झोपायचं, जेवायचं खानावळीत; बायको, मुलं, आईवडील गावी. पगार एकट्याच्या पोटाचा हिशेब धरून मिळे. म्हाताऱ्यांचं दुखणंखुपणं गावच्या बाईच्या अंगावर पडे, आणि त्याचा हिशेब कुणी धरला नाही. कापसाच्या धुळीने छाती भरली किंवा क्षय झाला, की चाकरमानी गावी परते. मनीऑर्डर बंद आणि घरात एक आजारी माणूस, दोन्ही एकदमच. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या गिरणी संपानंतर तर कित्येक कुटुंबांची मुंबईची मिळकत कायमची तुटली.

उपचार मात्र मुंबईतच एकवटले. परळला केईएम १९२६ साली सुरू झालं, टाटा मेमोरियल १९४१ साली. गावाहून पेशंट आणायचा म्हणजे सोबत एक माणूस लागतं; त्याची मजुरी बुडते, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर ठीक. अखेरच्या काळातल्या शुश्रूषेसाठी देशातलं पहिलं केंद्र, शांती आवेदना सदन, वांद्र्यात १९८६ साली निघालं. पण बहुतेकांचे शेवटचे महिने गावच्या घरातच जातात.

तिथे काय करावं लागतं ते पाहा. कूस दर दोन तासांनी बदलायची, पाठीमागे उशी देऊन साधारण तीस अंश कलतं ठेवायचं, पोटऱ्यांखाली उशी घालून टाचा अधांतरी ठेवायच्या. माकडहाडावरची लाली बोटाने दाबूनही जात नसेल, तर जखमेची ती सुरुवात. हवेची गादी उपयोगी आहे, पण तिचा पंप विजेवर चालतो. वीज गेली की गादी हळूहळू बसते आणि हाडं खाली टेकतात. सरकवताना खांद्यापासून मांड्यांपर्यंत दुमडलेली चादर घालून दोघांनी दोन बाजूंनी उचलायचं असतं. एकटी बाई काखेत हात घालून ओढते. त्यात रोग्याची कातडी सोलवटते, तिची कंबर धरते. रात्री दोन-दोन तासांनी उठून सकाळी पाणी, गुरं, शेत आहेच. हे तिने निमूट करावं ही अपेक्षा अन्यायाची आहे.

२०१९च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरातल्यांची काळजी घेणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी १३४ मिनिटं गेली, पुरुषांची ७६. घरकाम वेगळं.

कायद्याने घरी काळजी घेणाऱ्या माणसाकडे फार उशिरा पाहिलं. २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने मुलांवर पोटगीची जबाबदारी घातली. प्रत्यक्ष करणाऱ्या सुनेला त्यातून काही मिळालं नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात, कलम २४मध्ये, काळजीवाहू भत्ता आला, तोही जास्त आधार लागणाऱ्या दिव्यांगांपुरता. कर्करोगाने खंगलेली सासू दिव्यांग ठरत नाही, तोवर तिचं करणारी त्याबाहेरच. निदान डिस्चार्जआधी घरच्या दोघांकडून चादरीने उचलणं वॉर्डातच करून घ्यावं, आणि त्यातला एक पुरुष असावा.