मेनूकार्डावर कॅलरी लिहिणं कुणाला बंधनकारक, आणि आकडा काढायचा कसा? खान्देशातल्या हॉटेलवाल्यांसाठी माहिती

सगळ्यात आधी एक गोष्ट लक्षात घ्या. मेनूवर कॅलरी लिहिण्यासाठी वेगळा अर्ज नसतो, वेगळं शुल्क नसतं आणि 'कॅलरी प्रमाणपत्र' नावाचा कोणताही सरकारी कागद नसतो. असं प्रमाणपत्र काढून देतो म्हणून कुणी एजंट पैसे मागत असेल तर देऊ नका. हे कर्तव्य तुमच्या अन्न परवान्यासोबतच येतं. ज्याला ते लागू आहे त्याने स्वतः आकडा काढायचा, मेनूवर छापायचा आणि तो कसा काढला याची फाइल हाताशी ठेवायची.

नियम आहे भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा, म्हणजे एफएसएसएआयचा. २०२० च्या लेबलिंग आणि डिस्प्ले विनियमांत तो आला आणि मुदतवाढीनंतर १ जुलै २०२२ पासून अंमलात आला.

तुम्हाला लागू आहे का?

दोनच निकष आहेत. तुमच्याकडे केंद्रीय परवाना असेल, किंवा तुमच्या हॉटेलच्या दहा किंवा त्याहून जास्त ठिकाणी शाखा असतील, तर लागू. दोन्हींपैकी एक पुरेसा आहे. जळगाव-धुळे रस्त्यावरचा एकच ढाबा, शहाद्यातली एखादी खानावळ किंवा चोपड्यातलं नाश्त्याचं दुकान यांपैकी बहुतेकांना हे बंधन नाही.

आपला परवाना केंद्रीय आहे की राज्याचा, हे बऱ्याच मालकांना पटकन सांगता येत नाही. भिंतीवर लावलेल्या परवान्यावरचा १४ अंकी क्रमांक पाहा. पहिला अंक २ असेल तर ती नुसती नोंदणी, १ असेल तर परवाना. त्यापुढचे दोन अंक राज्याचे. म्हणजे क्रमांक ११५ ने सुरू होत असेल तर तो महाराष्ट्राचा राज्य परवाना आणि १०० ने सुरू होत असेल तर केंद्रीय.

उलाढाल मोठी असेल तरच केंद्रीय परवाना लागतो, असा समज आहे. तो अर्धवट आहे. रेल्वे, विमानतळ अशा केंद्र सरकारच्या आस्थापनांच्या आवारातली खानपान सेवा उलाढाल कितीही असली तरी केंद्रीय परवान्याखाली येते. म्हणून भुसावळ जंक्शनच्या फलाटावरचा खानपान स्टॉल आणि स्टेशनबाहेर रस्त्यापलीकडचं हॉटेल यांचे नियम वेगळे. तीच खिचडी, तेच पोहे. फलाटावर कॅलरी लिहायची, रस्त्यापलीकडे लिहिली नाही तरी चालतं. स्टेशनवरचा ठेका घेताना हा खर्च आणि हे काम हिशेबात धरा. मेनूबोर्ड रंगवून झाल्यावर हे कळलं की तोच बोर्ड पुन्हा रंगवावा लागतो.

दहा शाखांचं गणित करताना शाखा कोणत्या जिल्ह्यात आहेत याने फरक पडत नाही. जळगावात चार, धुळ्यात दोन, नाशिकला दोन, पुण्यात दोन अशा शेवभाजीच्या शाखा झाल्या की दहाव्या शाखेच्या उद्घाटनापासून दहाही ठिकाणचे मेनू बदलावे लागतात. आधीच्या नऊ शाखांना जुनं कार्ड चालवता येत नाही. नववी शाखा उघडताना आकड्यांचं काम सुरू केलं तर दहाव्या वेळी धावपळ होत नाही.

सूट कुणाला

वर्षभरात ६० दिवसांपेक्षा कमी काळ चालणारी खाद्यसेवा आणि समारंभाचे केटरर यांना सूट आहे. दिवस सलग असोत की तुटक, बेरीज धरायची. सारंगखेड्याच्या यात्रेत स्टॉल लावणारा किंवा हिवाळ्यात महिनाभर शेतात भरीत-पार्ट्यांची ऑर्डर घेणारा यात बसतो. ही सूट फक्त कॅलरीपुरती आहे. यात्रेतल्या स्टॉललाही अन्न नोंदणी लागतेच.

गिऱ्हाइकाने सांगून बदलून घेतलेला पदार्थ, म्हणजे 'तेल कमी टाका, शेव वेगळी द्या' अशी ऑर्डर, हीदेखील सुटीत येते. टेबलावर फुकट ठेवलेला आणि मेनूत नाव नसलेला कांदा, लिंबू, ठेचाही. पण ठेचा पाच रुपयांना मेनूवर चढवला की त्याच्यासमोर आकडा लिहावा लागेल.

मेनूवर नेमकं काय छापायचं

प्रत्येक पदार्थाच्या नावासमोर दोन गोष्टी: एका वाढणीचं प्रमाण आणि त्या वाढणीची ऊर्जा किलोकॅलरीत. 'शेवभाजी, १ प्लेट (३१० ग्रॅम), ७०८ किलोकॅलरी' असं. नुसतं '१ प्लेट' लिहून भागत नाही, कारण तुमची प्लेट आणि शेजारच्याची प्लेट सारखी नसते. हाफ आणि फुल दोन्ही देत असाल तर दोन्हींचे आकडे वेगळे लिहा. फुलचा आकडा निम्मा करून हाफला लावू नका, कारण हाफ प्लेटमध्ये शेव बहुतेक वेळा निम्म्याहून जास्त पडते.

त्याशिवाय सहज दिसेल अशा जागी एक संदर्भ वाक्य हवं: सरासरी सक्रिय प्रौढ व्यक्तीला दिवसाला २००० किलोकॅलरी ऊर्जा लागते, मात्र प्रत्येकाची गरज वेगळी असू शकते. हे वाक्य राहून गेलं तर मेनू अपुरा ठरतो.

शाकाहारी-मांसाहारी खूण आणि ॲलर्जी आणणाऱ्या घटकांची माहितीही द्यायची असते. यादीत ग्लूटेन असलेली धान्यं, कोळंबी-खेकडा वर्ग, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे व सुकामेवा, सोयाबीन आणि सल्फाइट येतात. आपल्याकडे शेंगदाणा भरितातही असतो आणि ठेच्यातही. दुसरी एक गोष्ट हमखास सुटते, ती हिंग. बाजारातलं बांधानी हिंग बरेचदा गव्हाच्या पिठात किंवा मैद्यात मळलेलं असतं. त्यामुळे फोडणीत ते पडलं की कढी आणि डाळीतही ग्लूटेन येतो. डब्यामागची घटकांची यादी वाचून मगच डाळीसमोर 'ग्लूटेन नाही' असं लिहा. फुकटच्या ठेच्याला कॅलरीची सूट असली तरी त्यात शेंगदाणा आहे, हे वाढणाऱ्या पोराला माहीत असायला हवं. शेंगदाण्याची ॲलर्जी जिवावर बेतू शकते.

पदार्थाची सविस्तर पोषण माहिती गिऱ्हाइकाने मागितली तर दाखवता येईल अशा पत्रकात किंवा वेबसाइटवर तयार ठेवा.

आकडा काढायचा कसा: शेवभाजीचं उदाहरण

दोन रस्ते आहेत. एक, प्रयोगशाळेतून तपासणी. दोन, कृतीवरून हिशेब. प्रयोगशाळाही थेट कॅलरी मोजत नाही. प्रथिनं, स्निग्धांश, पाणी, राख (जाळल्यावर उरणारे क्षार) मोजून उरलेलं कर्बोदक धरते आणि मग प्रथिनं व कर्बोदकांना ग्रॅममागे ४, स्निग्धांशाला ९ अशा दराने ऊर्जा काढते. म्हणून साध्या रश्श्या-भाज्यांना हिशेब पुरतो. तळलेल्या पदार्थांना मात्र निदान एकदा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल घ्यावा.

हिशेबासाठी एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा लागतो आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०१७ ची भारतीय अन्नघटक कोष्टकं. यातच पहिली मोठी चूक होते. त्या कोष्टकांत ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिली आहे. किलोकॅलरी हवी असेल तर ४.१८४ ने भागावं लागतं. बाजरीसमोर १०० ग्रॅमला १४५६ दिसतं. भागल्यावर ते ३४८ होतं. न भागता छापलं तर एक भाकरी दिवसाच्या गरजेच्या जवळपास पाऊण वाट्याची दिसते.

आता एक पातेलं रस्सा घ्या. तेल ४०० ग्रॅम: ३६०० किलोकॅलरी. कांदा १ किलो: सुमारे ४८०. सुकं खोबरं २५० ग्रॅम: सुमारे १५६०. आलं-लसूण, कोथिंबीर आणि काळा मसाला मिळून ४०० धरा. एकूण ६०४०. पाणी घालून, उकळून तयार रस्सा ४ किलो भरला. म्हणजे १०० ग्रॅमला १५१. प्लेटमध्ये २५० ग्रॅम रस्सा जातो: ३७८. वर ६० ग्रॅम जाड तिखट शेव, पाकिटावर १०० ग्रॅमला ५५० असेल तर ३३०. बेरीज ७०८. सोबतच्या १०० ग्रॅम पिठाच्या बाजरीच्या भाकरीचे ३४८ वेगळे.

तयार रश्श्याचं वजन गाळणारे बरेच असतात. घटकांच्या कच्च्या वजनाची बेरीज करून तिने भागतात आणि त्यात पाणी धरतच नाहीत. मग १०० ग्रॅमचा आकडा दुपटीहून वर जातो. रिकाम्या पातेल्याचं वजन आधी लिहून ठेवा, भरलेलं पातेलं काट्यावर ठेवा, वजाबाकी करा. मोठ्या पातेल्याला धान्याचा प्लॅटफॉर्म काटा चालतो.

तेल मापाने घेऊ नका, वजनाने घ्या. एक लिटरच्या तेलाच्या पिशवीवर ९१० ग्रॅम छापलेलं असतं, ते पाहा. आचाऱ्याने लिटरच्या मापाने ओतलेलं ४०० मिली तेल ४०० ग्रॅम धरलं की सव्वातीनशे किलोकॅलरीचा फरक पडतो.

पण खान्देशी रश्श्यात सगळ्यात जास्त घोळ होतो तो तवंगाने. तेल वर तरंगतं आणि वाढणारा वरूनच पळी भरतो. दुपारी साडेबाराच्या पहिल्या गिऱ्हाइकाला ३० ग्रॅम जादा तेल गेलं तर त्याच्या प्लेटमध्ये २७० किलोकॅलरी जास्त, म्हणजे ७०८ ऐवजी ९७८. तीन वाजता येणाऱ्याला मात्र तळाचा पातळ रस्सा मिळतो. अशा ठिकाणी मेनूवरचा आकडा कुणाच्याच प्लेटशी जुळत नाही. उपाय साधा आहे: तर्री आधी काढून वेगळ्या भांड्यात ठेवायची आणि प्रत्येक प्लेटवर ठरलेल्या चमच्याने घालायची. चमच्यात किती ग्रॅम मावतं ते एकदा मोजून भिंतीवर लिहा. जादा तर्री विकत असाल तर तिची मेनूवर स्वतंत्र ओळ हवी.

भरिताचं वेगळं आहे. वांग्यात स्वतःची ऊर्जा फार कमी, १०० ग्रॅमला पंचवीसेक किलोकॅलरी. सगळा आकडा तेल आणि शेंगदाण्याचा. भाजताना पाणी उडतं, साल-देठ जातात, आणि कापसाच्या काड्यांच्या जाळावर किती वेळ ठेवलं त्यावर शेवटचं वजन ठरतं. म्हणून निदान तीन वेगवेगळ्या दिवशी वजन करून सरासरी घ्या. पुरी किंवा भज्यांसाठी कढईतलं तेल तळण्याआधी आणि नंतर तोला. जो फरक येतो तो घाण्यातल्या नगांवर वाटा. तळताना मध्येच तेल भरलं असेल तर तेही लिहा, नाहीतर पुरी बिनतेलाची निघते.

फाइलमध्ये काय ठेवायचं

प्रत्येक पदार्थाचं कृतिपत्रक (घटक ग्रॅममध्ये, तयार वजन, वाढणीचं वजन), हिशेबाचा कागद तारखेसह, शेव-हिंग-तेलाच्या पाकिटांच्या लेबलचे फोटो, प्रयोगशाळेचा अहवाल, काट्याच्या पडताळणीचं प्रमाणपत्र आणि सध्या चालू असलेल्या मेनूची प्रत. शेवेचा पुरवठादार बदलला की तेवढं पान नवं करा.

नवा परवाना किंवा परवान्यात बदल हवा असेल, म्हणजे स्टेशनवरचा स्टॉल घेतला किंवा व्यवसायाचं स्वरूप बदललं, तर अर्ज एफएसएसएआयच्या फॉस्कॉस पोर्टलवर होतो. जागेचा पत्ता, व्यवसायाचा प्रकार आणि उलाढाल भरली की परवाना कोणत्या वर्गात येतो ते पोर्टलच दाखवतं, शुल्कही तिथेच दिसतं. सोबत मालक किंवा भागीदारांचं फोटो ओळखपत्र, जागेचा पुरावा (भाडेकरार किंवा वीजबिल), भागीदारी असेल तर करारपत्र, अन्न सुरक्षा व्यवस्थापन आराखडा आणि जबाबदार व्यक्तीचं नामनिर्देशन अपलोड करावं लागतं. अर्ज अडकतो तो बहुतेक वेळा नाव आणि पत्त्यावर: भाडेकरारावर एक स्पेलिंग, ओळखपत्रावर दुसरं. अपलोड करण्याआधी दोन्ही कागद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहा. राज्य परवान्याचे अर्ज अन्न व औषध प्रशासनाच्या सहायक आयुक्तांकडे जातात, केंद्रीय परवान्याचे प्राधिकरणाच्या केंद्रीय अधिकाऱ्याकडे. आपली फाइल कुठे आहे हे न पाहता चुकीच्या कार्यालयात चकरा मारू नका.

बंधन नसताना लिहिलं तर?

जरूर लिहा. मधुमेह असलेल्या माणसाला आपल्या गावच्या हॉटेलात बसून जेवणाचा अंदाज घेता येणं ही मोठी सोय आहे. मात्र एकदा छापलेला आकडा खरा हवा. 'लो कॅलरी भरीत' असं लिहून आत वाटीभर तेल असेल तर अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ५३ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. बंधन असलेल्या हॉटेलने मेनूवर आकडा लिहिलाच नाही तर आधी कलम ३२ ची सुधारणा नोटीस येते आणि तीत किमान १४ दिवसांची मुदत असते. फाइल तयार असेल तर या मुदतीत फक्त छपाई उरते. नसेल तर चाळीस पदार्थांची वजनं दोन आठवड्यांत घ्यावी लागतात, तीही ऐन धंद्याच्या वेळी.

घरपोच ऑर्डर घेणाऱ्या ॲपवर तुमचं हॉटेल असेल तर हेच आकडे तिथेही दिसायला हवेत. ॲपने ते तुमच्याकडून घ्यायचे असतात, म्हणून छापील मेनू बदलला त्याच दिवशी ॲपवरची यादी बदला, आणि पार्सलच्या डब्यात रस्सा किती ग्रॅम जातो ते वेगळं मोजा. पार्सलची वाढणी टेबलावरच्या प्लेटपेक्षा बरेचदा मोठी असते.