मोहीम-नियोजन, छात्रसैनिकांचे (गोवा)

नेमून दिलेले काम, हाताशी असलेली माणसे, भूप्रदेश आणि वेळ यांचा मेळ घालून कृतीचा आराखडा ठरवणे व तो तुकडीला आज्ञारूपाने समजावणे, या कौशल्याचे छात्रसैनिकांना दिले जाणारे शिक्षण. नेतृत्वविकास हा पाठ्यक्रमात स्वतंत्र विषय असला, तरी मैदानावर दोन्ही गोष्टी एकदमच शिकवल्या जातात. गोव्यात हे शिक्षण मुख्यतः राष्ट्रीय छात्रसेनेच्या म्हणजे एनसीसीच्या पथकांतून मिळते. येथील पथके कर्नाटक व गोवा संचालनालयाखाली येतात.

‘कॅडेट’ या शब्दाचे मूळ गॅस्कन बोलीतील ‘कापदेत’ (लहान प्रमुख) असे सामान्यतः मानतात. वडिलोपार्जित इस्टेट थोरल्याकडे जाई आणि धाकट्याला सैन्याची वाट धरावी लागे. त्यामुळे धाकटा मुलगा आणि शिकाऊ सैनिक हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात आले. पोर्तुगीज राजवटीमुळे गोव्यात ‘कादेत’ हे रूपही परिचित असावे, पण आजचा प्रचलित शब्द इंग्रजीतून, एनसीसीबरोबर आला यात शंका नाही. ‘मोहीम’ हा शब्द मात्र अरबी-फार्सीतून मराठी बखरींत कधीचाच रुळलेला आहे.

गोव्यातील या शिक्षणाचा आरंभ कोठे धरावा, याविषयी एकमत नाही. पोर्तुगीज अमदानीत साधारण १८१७ च्या सुमारास पणजीत लष्करी विद्यालय निघाले. १८४१ मध्ये त्याचे गणित व लष्करी विद्यालयात रूपांतर झाले. तेथे बीजगणित, भूमिती, तटबंदी, तोफखाना असे विषय असत आणि शिकून निघालेले काही जण पुढे भूमापन व बांधकामाच्या कामात गेले. १८७१ च्या लष्करी उठावानंतर गोव्याचे स्थानिक सैन्य मोडीत निघाले व विद्यालयही बंद पडले. काही लेखक येथूनच आजच्या परंपरेचा धागा ओढतात. तो ओढाताणीचाच वाटतो. मध्ये सुमारे नव्वद वर्षांचा खंड आहे आणि त्या विद्यालयाचा भर तुकडी हाताळण्यापेक्षा अभियांत्रिकी गणितावर होता. डिसेंबर १९६१ मधील गोवामुक्तीनंतरचा काळ आरंभ म्हणून घेणे अधिक सयुक्तिक.

राष्ट्रीय छात्रसेनेचा कायदा १९४८ चा; त्यापूर्वी हृदयनाथ कुंझरू समितीने तशी शिफारस केली होती. चीन युद्धानंतर १९६३ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना छात्रसेना सक्तीची झाली आणि १९६८ मध्ये ती पुन्हा ऐच्छिक करण्यात आली. नौदलाचे अधिकारी घडवणारी अकादमी १९६९ मध्ये कोचीनला सुरू झाली. १९८६ मध्ये ती मांडवीच्या उत्तर तीरावर वेरे येथील आयएनएस मांडवी या तळावर आली आणि २००९ मध्ये केरळातील एळिमलाला गेली. वेरे येथेच असलेले नेव्हल वॉर कॉलेज वरिष्ठ अधिकाऱ्यांसाठी आहे. त्याची गल्लत छात्रसैनिकी संस्थांशी करू नये.

नियोजनाची रीत दोन भागांची. पहिला भाग ‘अप्रिसिएशन’, म्हणजे परिस्थितीचे मूल्यमापन: उद्दिष्ट, त्यावर परिणाम करणारे घटक, खुले असलेले मार्ग, त्यांतून निवडलेला मार्ग व योजना. दुसरा भाग आज्ञेचा. तिची परिच्छेद-रचना पाच भागांची असते: परिस्थिती, उद्दिष्ट, कार्यपद्धती, प्रशासन व रसद, नेतृत्व व संदेशवहन. ही पंचविध रचना अमेरिकी अधिकारी एबेन स्विफ्ट याने १८९० च्या दशकात फोर्ट लेव्हनवर्थ येथील लष्करी विद्यालयात रूढ केली, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तिचे बीज प्रशियन सेनामुख्यालयाच्या कार्यपद्धतीत शोधणारा दुसरा पक्ष आहे. राइसविट्झने १८२४ मध्ये प्रशियन अधिकाऱ्यांपुढे मांडलेला नकाशावरील युद्धखेळ हा त्यांचा मुख्य आधार. खेळातून आज्ञा नेमकी लिहिण्याची सवय लागली असेल, पण परिच्छेदांचा क्रम त्यातून निघतो असे दिसत नाही. भारतात ही पद्धत ब्रिटिश सेनेमार्फत आली. काम, चमू आणि व्यक्ती यांची तीन वर्तुळे काढून नेतृत्व समजावण्याची जॉन अ‍ॅडेर यांची मांडणीही १९६० च्या दशकातील, सँडहर्स्ट या ब्रिटिश लष्करी अकादमीतीलच. अधिकारी निवडीच्या मुलाखतीतील सामूहिक नियोजन चाचणी याच तर्कावर बेतलेली असल्याने सी प्रमाणपत्राकडे (एनसीसीच्या सर्वांत वरच्या परीक्षेकडे) डोळा असलेले छात्र या भागाची तयारी विशेष करतात.

छावणीत आराखडा जमिनीवर मांडतात. त्याला ‘सँड मॉडेल’ म्हणतात. चौकोनात वाळू पसरून टेकड्यांना जांभ्याची लाल भुकटी, पाण्याला निळी रांगोळी, वाड्यांना आगपेट्या आणि ग्रिडला (नकाशावरील चौकटींच्या रेषांना) लोकरीचे धागे. तुकडीचा नेता काठी घेऊन उभा राहतो. अशा वेळी हुकूम हिंदीत, संज्ञा इंग्रजीत आणि कुजबुज कोंकणी-मराठीत चालते. सर्वेक्षण खात्याच्या १:५०,००० नकाशावर २ सेंमी. म्हणजे १ किमी. आणि समोच्च रेषांतले (समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांतले) उंचीचे अंतर साधारण २० मीटर. सह्याद्रीकडच्या सत्तरी, सांगे भागात हा नकाशा पुष्कळ सांगतो. नदीकाठच्या सखल भागात तो जवळजवळ मुका होतो.

कारण तेथे खाजन आहे. खाजनाची जमीन भरतीच्या पातळीलगत किंवा तिच्याखाली असते. बांध आणि मानस ही लाकडी झडपांची दारे तिला खाऱ्या पाण्यापासून राखतात. भरतीच्या दाबाने झडपा मिटतात, ओहोटीला आतल्या पाण्याने उघडतात. नकाशावर कोरडी पट्टी दिसली, तरी बांधाबाहेरचा चिखल दिवसातून दोनदा पाण्याखाली जातो. मांडवीत भरतीचा परिणाम मुखापासून सुमारे ५० किमी. आत गांजेपर्यंत पोचतो. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. काल पहाटे ६ ला जमलेली वाट आज त्याच वेळी जमेलच असे नाही. म्हणून इथल्या अप्रिसिएशनमध्ये ‘वेळ’ हा घटक ‘भूप्रदेशा’च्या पोटातच येतो. पाठ्यपुस्तके हे दोन घटक वेगळे देतात आणि नवखा छात्र इथेच फसतो. जून ते सप्टेंबर या काळात पावसाचे पाणीही त्यात मिळते.

नौदल शाखेत हाच धडा पाण्यावरून मिळतो. व्हेलर या पाच वल्ह्यांच्या सराव-होडीत सुकाण्यावर बसलेल्याचा शब्द अंतिम असतो. वल्ह्यांची लय बिघडली तर दोष त्याचाच.

दीर्घ सागरी मोहिमांच्या नियोजनाचे जवळचे उदाहरणही गोव्याचेच आहे. दिवाडी बेटावर बांधलेल्या म्हादेई या शिडाच्या नौकेतून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. तिच्यानंतर तेथेच बांधलेली तारिणी १० सप्टेंबर २०१७ रोजी आयएनएस मांडवीहून निघाली. वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखालील सहा महिला अधिकाऱ्यांनी ती प्रदक्षिणा २१ मे २०१८ रोजी गोव्यात पूर्ण केली. वाटेत फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅन्ली आणि केपटाऊन हे चार थांबे ठरलेले होते. मॉरिशसमधील पोर्ट लुईसचा पाचवा थांबा सुकाणूतील बिघाडामुळे घ्यावा लागला.