तुळईतले जास्तीचे लोखंड

घर बांधायला काढले की "दोन सळया जास्तच टाका, घर काही रोज रोज बांधत नाही" हा सल्ला हमखास मिळतो. सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असतो आणि ऐकणाऱ्यालाही तो पटतो, कारण लोखंड मजबूत असते हे सर्वांना ठाऊक आहे. आरसीसी, म्हणजे लोखंडी सळया घातलेल्या काँक्रीटच्या तुळईच्या बाबतीत मात्र हा सल्ला एका मर्यादेपलीकडे धोक्याचा ठरतो, आणि ती मर्यादा कोठे येते हे शाळेतल्या गणितानेही काढता येते.

दोन टोकांना टेकलेली तुळई भाराने वाकते तेव्हा तिचा वरचा भाग दाबला जातो, खालचा ताणला जातो आणि मधल्या एका पातळीवर दाबही नसतो व ताणही नसतो. या पातळीला उदासीन अक्ष म्हणतात. काँक्रीट दाब उत्तम सोसते, परंतु ताण सोसण्याची त्याची शक्ती दाबाच्या जेमतेम एक-दशांश असते. म्हणून ताणाच्या बाजूला सळया घालतात. भिंतीबाहेर काढलेल्या गॅलरीत ताण वरच्या बाजूला येतो, त्यामुळे तेथे मुख्य सळया वर असाव्या लागतात.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. गाळा, म्हणजे दोन टेकूंमधले अंतर, ४ मीटरचा, तुळई २३० मिमी रुंद व ४५० मिमी खोल, काँक्रीट एम-२० आणि सळई एफई-५०० प्रतीची आहे; यातले २० व ५०० हे आकडे म्हणजे त्यांची ताकद, दर चौरस मिमीला न्यूटनमध्ये. स्वतःच्या वजनासह तुळईवर दर मीटरला २० किलोन्यूटन भार येतो असे धरू. आयएस ४५६ : २००० या भारतीय मानकानुसार तो १.५ पट करून ३० धरायचा. टोकांना नुसत्या टेकलेल्या तुळईच्या मध्यभागी येणारे मोमेंट (तुळईला वाकवणारा जोर) म्हणजे भार गुणिले गाळ्याचा वर्ग भागिले ८, अर्थात ३० × १६ ÷ ८ = ६० किलोन्यूटन-मीटर.

या मोमेंटला तुळई दोन बलांच्या जोडीने तोंड देते. वरच्या काँक्रीटचा दाब = ०.३६ × काँक्रीटची प्रत × रुंदी × उदासीन अक्षाची वरून खोली. खालच्या सळयांचा ताण = ०.८७ × सळईची प्रत × सळयांचे क्षेत्रफळ. ही दोन्ही बले समान असलीच पाहिजेत, या एका अटीतून उदासीन अक्षाची जागा ठरते. कव्हर (सळयांबाहेरचा काँक्रीटचा थर) व रिंग (सळयांना वेढणारी आडवी कडी) वजा जाता सळयांच्या मध्यापर्यंतची खोली ४१० मिमी उरते. तळाशी १६ मिमीच्या दोन सळया (४०२ चौरस मिमी) घातल्या, तर अक्ष वरून सुमारे १०६ मिमीवर येतो आणि तुळईची क्षमता, म्हणजे सळयांचा ताण गुणिले सळया व दाब यांच्यातले अंतर, सुमारे ६४ किलोन्यूटन-मीटर निघते. गरज ६०ची आहे, म्हणजे काम भागले.

सळया वाढवल्या की ताण वाढतो, त्याला तोलण्यासाठी दाबाखालचे काँक्रीटही वाढावे लागते आणि अक्ष खाली सरकतो. हे सरकणे कोठवर चालेल, हे या विषयातले मला सर्वांत सुंदर वाटणारे गणित आहे. वाकताना तुळईचा सपाट छेद सपाटच राहतो असे मानतात. म्हणून अक्षापासून वर जावे तसे आखडणे आणि खाली जावे तसे ताणणे सरळ रेषेत वाढते. काँक्रीट आपल्या लांबीच्या ०.००३५ पट आखडले की चिरडते. सळई मात्र त्या क्षणाआधी 'यील्ड' झालेली, म्हणजे कायमची लांबायला लागलेली असावी, अशी मानकाची अट आहे. त्यासाठी ती ०.८७ × ५०० ÷ २,००,००० अधिक ०.००२, म्हणजे सुमारे ०.००४२ पट ताणली गेली पाहिजे. वर ०.००३५ आणि खाली ०.००४२ असे दोन समरूप त्रिकोण काढले, की अक्षाची कमाल खोली ०.००३५ ÷ ०.००७७, म्हणजे सळयांपर्यंतच्या खोलीच्या ०.४६ पट मिळते. मानकातला ०.४६ हा आकडा या त्रिकोणांतूनच आलेला आहे.

आपल्या तुळईत ही मर्यादा १८९ मिमीवर, म्हणजे सुमारे ७१८ चौरस मिमी लोखंडाला येते. वरच्या बाजूच्या सळयांचा हातभार धरला नाही, तर १६ मिमीच्या चार सळया (८०४ चौरस मिमी) ती ओलांडतात. लोखंड दुप्पट होते, क्षमता मात्र सुमारे १.६ पटच वाढते, आणि मोडण्याची रीतच बदलते. मर्यादेच्या आतली तुळई जास्त भार आल्यास आधी खाली लवते, तळाला रुंद भेगा दाखवते आणि माणसांना बाहेर पडायला वेळ देते. मर्यादेबाहेरच्या तुळईत सळई लांबायला लागण्याआधीच वरचे काँक्रीट एकाएकी चिरडते. म्हणूनच अशा छेदाचे डिझाइन नव्याने करावे, असे मानक सांगते.

येथे एका समजुतीबद्दल स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. तुळईखाली झोपू नये, दोष लागतो, असे वास्तुतज्ज्ञ म्हणवणारे सांगतात आणि लोक फॉल्स सीलिंग करून तुळया झाकतात. दोष लागतो याला कोणताही आधार नाही. उलट भेगांच्या रूपाने मिळणारी सूचना मात्र छताआड दडून जाते.

खरोखर जास्त ताकद हवी असेल तर आधी खोली वाढवावी. हीच तुळई त्याच दोन सळया ठेवून ५०० मिमी खोल केली, तर सळया आणि दाब यांच्यातले अंतर वाढते व क्षमता ६४ वरून सुमारे ७३ होते. तुळईच्या वजनात भर पडते ती मीटरला जेमतेम ०.३ किलोन्यूटनची. कमाल क्षमता तर खोलीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, रुंदीच्या मात्र नुसत्या प्रमाणात. अर्थात हा बदल सेंट्रिंग लावण्याआधी, नकाशा तयार करणाऱ्या अभियंत्याकडूनच झाला पाहिजे.

टेकूंजवळ वाकण्यापेक्षा शिअर, म्हणजे तुळईला आडवे कापू पाहणारे बल, महत्त्वाचा असतो. तेथे तिरक्या भेगा पडतात व त्यांना रिंगा अडवतात, म्हणून टोकांकडे रिंगा जवळजवळ असतात. काँक्रीट ओतण्याआधी मालकाने सळयांची संख्या वाढवण्याचा आग्रह धरण्याऐवजी त्यांचा व्यास नकाशाशी ताडून पाहावा, खाली कव्हर ब्लॉक लागले आहेत का आणि रिंगांची टोके १३५ अंशांत आत वळवली आहेत का, हे पाहावे. नुसती ९० अंशांत दुमडलेली टोके भूकंपात बाहेरचे कव्हर उडाले की उघडतात.