ठशाखालचं पोलाद

जुनी बोल्ट-रायफल दिसली की कुणीतरी छातीठोकपणे सांगतं, ‘ही सत्तावन्नच्या उठावातली.’ पण सत्तावन्नची एन्फिल्ड नळीच्या तोंडातून ठासून भरत. तिला बोल्ट, म्हणजे गोळी भरण्यासाठी मागून पुढे-मागे सरकवायचा दांडा, नव्हताच.

बोल्ट असलेली एन्फिल्ड म्हणजे नंतरची ली-एन्फिल्ड, आणि तिची जन्मतारीख तिच्या अंगावरच असते. बोल्टच्या मुठीखाली, लाकडी दस्ता जिथे बसतो तिथल्या पोलादावर उजव्या बाजूला मुकुट, राजाची अक्षरं, कारखाना, साल आणि नमुना. ‘व्हीआर’ म्हणजे राणी व्हिक्टोरिया, ‘ईआर’ एडवर्ड, ‘जीआर’ जॉर्ज. बंगालमधल्या इशापूर कारखान्याच्या रायफलींवर ‘जीआरआय’. शेवटचा आय सम्राटपदाचा. प्रजासत्ताकानंतर तिथे अशोकाचे सिंह आले. व्हिक्टोरिया १९०१ च्या जानेवारीत वारली. तरीही ‘व्हीआर’च्या खाली १९०७ दिसलं तर तो बहुधा खैबर खिंडीत नकली रायफली घडवणाऱ्या कारागिराचा प्रताप. इंग्रजी न येणारे ते लोक अक्षरांचं चित्र उतरवत, त्यामुळे कधी एन उलटा पडे.

अर्थात ते साल सांगाड्याचं, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या पोलादी भागाचं. नळी मागाहून बदललेली असू शकते, म्हणून तिच्यावरची खूण वेगळी वाचायची आणि बोल्टवरचा क्रमांक सांगाड्यावरच्या क्रमांकाशी जुळवायचा. (दस्त्याच्या लाकडाचं कार्बन डेटिंग सुचवणाऱ्यांना नमस्कार. त्यातून झाड कधी वाढलं एवढंच कळतं, आणि गेल्या तीनेकशे वर्षांसाठी तेही धड नाही.)

मूळ साल घासून कुणी जुनं साल ठोकलं असेल तर? इथे मला खरी मजा वाटते. ठसा मारताना पोलाद कापलं जात नाही, दाबलं जातं. पोलाद म्हणजे बारीक स्फटिककणांची गच्च रास. प्रत्येक कणात अणूंचे थर ओळीने लागलेले. घाव बसला की थर एकमेकांवरून सरकतात, मधल्या ओळी अर्धवट तुटतात. या तुटींना डिसलोकेशन म्हणतात. त्या एकमेकींत गुंततात, तिथलं पोलाद कडक होतं आणि घावाची थोडी ऊर्जा तिथेच कोंडून राहते. हा चेपलेला भाग अंकाच्या तळाच्याही खाली उतरलेला असतो. म्हणून अंक दिसेनासा होईपर्यंतच घासलं असेल, तर घाव खाली शिल्लक असतो.

आता जागा आरशासारखी चकचकीत करून त्यावर फ्रायचं द्रावण फिरवतात: क्युप्रिक क्लोराइड, हायड्रोक्लोरिक आम्ल आणि पाणी. कोंडलेल्या ऊर्जेमुळे चेपलेल्या भागातले लोहाचे अणू सुटायला अधिक उतावीळ. तो भाग शेजारच्या शांत पोलादाच्या तुलनेत ॲनोड, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडून झिजणारी बाजू, ठरतो, तांब्याचे आयन त्याचे इलेक्ट्रॉन ओढून घेतात आणि झीज दोन्हीकडे सारखी होत नाही. या फरकातून घासलेला अंक उमटतो.

पोलाद लालबुंद तापवलेलं असेल तर मात्र उपाय नाही. नवे, ताणरहित कण तयार होतात आणि घावाची खूण पुसली जाते. शिवाय उमटलेला अंक टिकेलच असं नाही. आम्लाचं काम चालूच असतं, आणि पुढच्या हाताला तो पुसटही होतो. म्हणून बोळा फिरवणाऱ्याशेजारी कॅमेरा आधीच लावून ठेवतात.