आर्मी ऑफ इंडिया पदकाच्या प्रतिकृतींचा संग्रह

आर्मी ऑफ इंडिया पदक ईस्ट इंडिया कंपनीच्या खर्चाने १८५१ मध्ये मंजूर झाले. १८०३ ते १८२६ या काळातल्या लढायांसाठी असलेले हे पदक, ज्यांनी स्वतः अर्ज केला अशा हयात सैनिकांनाच मिळाले. पहिल्या लढाया होऊन तोवर जवळजवळ अर्धे शतक उलटले होते, त्यामुळे सुमारे ४,५०० पदकेच दिली गेली. अस्सल नग दुर्मीळ आणि महाग असल्याने बहुतेक संग्राहक प्रतिकृतींकडे वळतात.

पदक चांदीचे, ३६ मिमी व्यासाचे, फीत फिकट निळी. एका बाजूला राणी व्हिक्टोरियाचे मस्तक. दुसऱ्या बाजूला ताडाच्या झाडाजवळ बसलेली विजयदेवता, खाली १७९९–१८२६ (लढाया १८०३ पासूनच्या असल्या तरी). या दोन सालांमधली आडवी रेघ भिंगाखाली जरूर पाहावी. आखूड रेघ सहसा मूळ छापाची असते. लांब रेघ भारतीय सैनिकांना दिलेल्या किंवा नंतर पाडलेल्या नगांवर आढळते.

फितीवरच्या लढाईचे नाव कोरलेल्या धातूच्या पट्ट्या जोडपट्ट्या धरून एकूण २१ प्रकारच्या आहेत, आणि मराठी संग्राहकाचा जीव त्यांतच अडकतो. १८०३ च्या असई, अडगाव व गाविलगड. १८१७-१८ च्या खडकी, पुणे, सीताबर्डी, नागपूर, महिदपूर, कोरेगाव. ही विजेत्यांची खूण आहे, पेशव्यांच्या, शिंद्यांच्या किंवा भोसल्यांच्या शिपायांना तीत स्थान नाही. संग्रह मांडताना शेजारच्या चिठ्ठीवर हे स्पष्ट लिहावे. खडकी (इंग्रजांची ‘किर्की’) आणि पुणे या दोन्ही लढायांत असलेल्याला ‘किर्की अँड पूना’ अशी एकच जोडपट्टी मिळे. म्हणून ‘किर्की’ आणि ‘पूना’ अशा दोन सुट्या पट्ट्या एकाच फितीवर दिसल्या तर जुळवणी चुकली आहे. सीताबर्डी-नागपूरचेही तसेच. शेवटच्या लढाईची पट्टी पदकाला लागून असते, म्हणजे क्रम वरून खाली वाचायचा. एका पदकावर सातांपेक्षा जास्त पट्ट्या कधीच नव्हत्या.

प्रतिकृती दोन प्रकारच्या: ठसा मारलेल्या आणि ओतीव. ओतीव नग थंड होताना आकसतो, त्यामुळे अस्सलावरून साचा काढला असला तरी व्यास किंचित कमी भरतो, केसांच्या बटा बोथट दिसतात, पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी भोके राहतात आणि कडेवर साच्याची शिवण सापडते. धातू ओळखायला फीत काढून पदक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल असे टांगावे व वजनातली घट मोजावी. ३१ ग्रॅमचे चांदीचे पदक पाण्यात सुमारे ३ ग्रॅमने हलके होते; मुलाम्याचे पितळ साधारण ३.६ ग्रॅमने. कोरीव भागात हवेचे बुडबुडे अडकले तर हिशेब चुकतो, म्हणून आधी ओल्या कुंचल्याने पुसावे.

प्रतिकृतीची कड कोरी किंवा ‘कॉपी’ अशी खूण असलेली असावी. त्यावर सैनिकाचे नाव कोरून घेण्याचा मोह टाळावा; असा नग पुढच्या हाती गेला की तोच बनावट ठरतो. खूण घासून काढली असेल तर व्हर्नियरने चार-पाच ठिकाणी व्यास मोजल्यावर एका जागी तो कमी भरतो.

पट्टी निखळली तर कथिलाच्या मिश्रधातूच्या नगाला डाख देऊ नये. सोनाराच्या ज्योतीखाली तो पट्टीसकट वितळतो. बारीक रिव्हेट किंवा फितीमागून टाका पुरेसा आहे. मुलाम्यावर चांदीची पावडर घासली की आधी राणीच्या गालावर पितळ डोकावते. पावसाळ्यात काळेपणा वाढतो. पीव्हीसीची पाकिटे, रबरबँड व लोकरी फेल्ट दूर ठेवून पॉलिएस्टरच्या पाकिटात सिलिका जेल घालावे. शिसे असलेले नग लाकडी पेटीत पांढरे पडतात, कारण लाकडातून आम्लाची वाफ सुटते.

भारतात अस्सल पदक शंभर वर्षांपेक्षा जुने म्हणून १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते आणि खासगीरीत्या परदेशी नेता येत नाही. प्रतिकृतीला ही अट नाही, पण ती नवी असल्याचे सांगणारी खरेदीची पावती सोबत ठेवावी.