डुअल बूट

एकाच संगणकावर दोन ऑपरेटिंग सिस्टीम डिस्कच्या वेगवेगळ्या पार्टिशनांत (विभागांत) बसवून, संगणक सुरू करताना त्यांपैकी एक निवडण्याच्या व्यवस्थेस डुअल बूट म्हणतात. घरगुती वापरात ही जोडी बहुधा विंडोज आणि लिनक्सची असते. ठाणे, ऐरोली किंवा नेरूळच्या घरांत तिची गरज साधीच असते: अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला लिनक्स हवे असते, तर त्याच संगणकावर वडिलांना टॅलीचे हिशेब किंवा जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टांतील मजकूर उघडायचा असतो.

विंडोज आधी आणि लिनक्स नंतर बसवणे सोयीचे, कारण लिनक्सचा ग्रब हा बूटलोडर (संगणक सुरू होताना निवडलेली सिस्टीम चालू करून देणारा प्रोग्राम) विंडोजला आपल्या यादीत घेऊ शकतो. विंडोजचा बूट मॅनेजर मात्र लिनक्सची आपणहून दखल घेत नाही. लिनक्ससाठी जागा काढताना विंडोजचे पार्टिशन लहान करण्यापूर्वी बॅकअप घ्यावाच, आणि पावसाळ्यात वीज जाण्याचा संभव धरून डेस्कटॉप यूपीएसवर ठेवावा. बिटलॉकर (डिस्कवरील माहिती कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असल्यास त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवणे अत्यावश्यक आहे.

दोन सिस्टीम शेजारी नांदतात, तरी मदरबोर्डवरील घड्याळ त्यांना सामाईक असते आणि नवख्याला सर्वाधिक गोंधळात टाकते ते हेच. विंडोज त्या घड्याळातील वेळ स्थानिक मानते, तर लिनक्स सहसा ती जागतिक प्रमाणवेळ मानते. भारतीय वेळ तिच्यापुढे साडेपाच तास असल्याने, ठाण्यात रात्री ९ वाजता लिनक्स बंद करून विंडोज उघडल्यास दुपारचे ३.३० दिसू शकतात. उलट दिशेने गेल्यास पहाटेचे २.३०. इंटरनेट जोडल्यावर चूक बहुधा सुधारते, पण तोवर फायलींवर चुकीच्या वेळा पडतात. यावर लिनक्सला स्थानिक वेळ वाचायला सांगणे हा सोपा उपाय आहे. ज्या देशांत उन्हाळ्यात घड्याळे पुढे करतात तेथे तो अडचणीचा ठरतो. भारतात तशी पद्धत नसल्याने तो निर्धास्तपणे वापरता येतो.

२०१२ मधील विंडोज ८ पासून आलेले फास्ट स्टार्टअप (विंडोज लवकर सुरू करणारी सोय) बंद करावे. ते चालू असताना विंडोज पूर्ण बंद होत नाही, त्यामुळे तिच्या पार्टिशनवर लिनक्समधून लिहिणे धोक्याचे असते.

लिनक्स काढताना केवळ त्याचे पार्टिशन पुसल्यास ग्रबला आपल्या फायली सापडत नाहीत आणि संगणक सुरू होताना अडतो. म्हणून आधी यूईएफआयच्या (संगणक सुरू करणाऱ्या, मदरबोर्डवरील मूळ प्रोग्रामच्या) सेटिंगमध्ये विंडोजचा बूट मॅनेजर पहिल्या क्रमांकावर आणावा.