मनातला सराव प्रत्यक्ष सरावाइतकाच का?

बास्केटबॉलचे नेम केवळ कल्पनेत साधणाऱ्यांची प्रगती मैदानावर घाम गाळणाऱ्यांइतकीच झाली, ही व्याख्यानांतून वर्षानुवर्षे ऐकवली जाणारी गोष्ट फार तर अर्धी खरी मानता येईल. मेंदूशास्त्रज्ञ पास्कुआल-लिओने आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एका गटाने पाच दिवस, रोज दोन तास, पियानोवर पाच बोटांचा क्रम वाजवला, तर दुसऱ्याने बोटे न हलवता तो मनात घोळवला. मेंदूतील बोटांच्या हालचालींचे क्षेत्र दोन्ही गटांत विस्तारले (दंतकथेला बळ इथूनच मिळत असावे). परंतु पाचव्या दिवशी दुसऱ्या गटाचे वादन पहिल्याच्या तिसऱ्या दिवसापर्यंतच पोहोचले होते. उरलेले अंतर मात्र त्याने दोन तासांच्या एकाच प्रत्यक्ष सरावात भरून काढले, कारण हालचालीचा आराखडा मनात आधीच तयार होता.